श्रोतृसंख्या आणि श्रोतृत्व

१

संगीतव्यवहाराविषयी बोलताना मराठी भाषा जी क्रियापदे वापरत आली आहे, ती बहुतांशी अकर्मक आहेत. गाणे रंगते, मैफल जमते, स्वर लागतो, श्रोता डोलतो. या वाक्यांत कोणी कोणावर काही करीत नाही; काहीतरी घडते, आणि गाणारा व ऐकणारा हे दोघेही त्या घडण्यात सामील असतात. गेल्या दोन दशकांत ध्वनिचित्रफिती आणि समाजमाध्यमे यांच्या आधाराने संगीत लोकांपर्यंत नेण्याचा जो व्यवहार रूढ झाला, त्याची क्रियापदे मात्र सकर्मक आहेत. श्रोते मिळवायचे असतात, धरून ठेवायचे असतात, वाढवायचे असतात. येथे संगीतकार हा कर्ता आणि श्रोता हे कर्म. व्याकरणातील हा बदल किरकोळ मानता येणार नाही. नात्याचे स्वरूप पालटू लागले की त्याची पहिली खूण अनेकदा भाषेतच उमटते.

फीत किती लांबीची असावी, ती दिवसाच्या कोणत्या प्रहरी प्रसृत करावी, तिच्या दर्शनी चित्रात काय असावे, याविषयीचा सल्ला आज मुबलक उपलब्ध आहे. तो प्रश्न कौशल्याचा आहे आणि त्याची उत्तरे माध्यमाबरोबर बदलत राहतील. प्रस्तुत विवेचनाचा विषय त्याच्या अलीकडचा आहे. आपल्या गाण्याला श्रोता असावा, किंबहुना पुष्कळ श्रोते असावेत, ही कलावंताची इच्छा स्वाभाविक आणि निर्दोष आहे. परंतु ती पुरी करण्यासाठी जे उपाय योजले जातात, त्यांतून ऐकणाऱ्याला काय मानले जाते? तो अनुभवातील भागीदार असतो की मोजदादीतील एकक? आणि त्याला एकक मानणे ही नैतिक चूक आहे काय?

या प्रश्नाला सामान्यतः दोन ठराविक उत्तरे मिळतात. एक उत्तर उत्साहाचे : माध्यमाने कलेचे लोकशाहीकरण केले, आता कोणाही गुणी गायकाला जगभरचा श्रोता लाभू शकतो. दुसरे विलापाचे : माध्यमाने कलेचा बाजार मांडला, खरा रसिक संपला. ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. ते उघड करण्यासाठी आधी विलापाचा ऐतिहासिक पाया तपासावा लागतो.

२

माध्यमाने संगीताच्या रूपावर आक्रमण केले, ही तक्रार नवी नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानच्या आवाजाचे मुद्रण झाले, तेव्हा तासाभराच्या विस्ताराची सवय असलेल्या गायकीला सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत स्वतःला बसवावे लागले. या सक्तीतून काही गमावले गेले आणि काही निर्माणही झाले. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या आजही ऐकल्या जातात, त्या केवळ ऐतिहासिक पुरावा म्हणून नव्हे. अल्प अवकाशात स्वरभाव साकारण्याची एक वेगळी कला तेथे सिद्ध झालेली आहे. उलट, भास्करबुवा बखले यांच्यासारख्या श्रेष्ठ गायकाचे ध्वनिमुद्रण मागे राहिले नाही, आणि त्यांचे गाणे शिष्यपरंपरा व आठवणी यांच्याद्वारेच पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले. माध्यमाचा स्वीकार आणि त्याचा अभाव या दोहोंचेही मोल संगीताने चुकते केले आहे.

श्रोतृवर्ग वाढवण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्नही समाजमाध्यमांच्या कितीतरी आधीचा आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी संगीत दरबारातून बाहेर काढले, तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. प्रत्येक विद्यार्थी मोठा गायक होणार नाही, हे या उपक्रमात गृहीतच होते. जाणता श्रोता निर्माण होणे हेही त्याचे एक फलित होते. १९५३ साली पुण्यात भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने ख्यालगायनाला सहस्रावधींचा समुदाय मिळवून दिला. संख्या आणि गांभीर्य यांचे वैर असलेच पाहिजे, या समजुतीला तो महोत्सव हे एक ठोस उत्तर आहे.

दृश्याची जोडही नवी नाही. १९८१ साली अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाल्यावर गाणे ‘पाहिले’ जाऊ लागले, असे सांगितले जाते. महाराष्ट्रात मात्र १८८०च्या ‘संगीत शाकुंतला’पासून गाणे पाहिले जातच होते. बालगंधर्वांच्या पदाला पडणारा ‘वन्स मोअर’ हा प्रेक्षकाच्या पसंतीचा जाहीर हिशेबच होता, आणि त्यापायी नाटकाचा ओघ तुटतो ही टीकाही त्या काळी होत होती. पैशाच्या थेट देवघेवीचे म्हणाल, तर संगीतबारीतील दौलतजादा सर्वांना ठाऊक आहे. थेट प्रक्षेपण चालू असताना प्रेक्षकाने पैसे देऊन आपला संदेश ठळकपणे झळकवावा, अशी सोय यूट्यूबने २०१७ साली केली. तिचे नाव परके असले तरी तिची जात मराठी माणसाला अपरिचित नाही.

तेव्हा रूपावर मर्यादा घालणे, दृश्याचा आश्रय घेणे, समुदाय जमवणे, पैशाची अपेक्षा धरणे, यांपैकी कोणत्याही गोष्टीमुळे आजचा व्यवहार आपोआप दोषार्ह ठरत नाही. यांपैकी कोणतीही गोष्ट पुढे करून केलेला विलाप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. आजच्या व्यवहाराचे नवेपण अन्यत्र शोधावे लागेल.

३

ते नवेपण मापनात आहे. तीन मिनिटांची तबकडी गायकाला वेळेची मर्यादा घालीत होती. परंतु ती ऐकणाऱ्याने कोणत्या क्षणी लक्ष काढून घेतले, हे ती गायकाला कधीही सांगत नव्हती. कितव्या पदाला ‘वन्स मोअर’ पडला हे नटाला कळत होते. पण न टाळी वाजवणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे त्याला मोजता येत नव्हते आणि मोजण्याची गरजही भासत नव्हती. आजची फीत मात्र आपल्या कर्त्याकडे एक आलेख घेऊन परत येते. पहिल्या सेकंदाला किती जण होते, दहाव्याला किती उरले, कोठे ते पुढे सरकले, कोठे निघून गेले, याची रेषा त्यात काढलेली असते. ही रेषा जवळजवळ नेहमी उतरतीच असते. पुढची फीत करताना कलावंताच्या डोळ्यांसमोर श्रोत्याचा चेहरा नसतो, त्याच्या निघून जाण्याची रेषा असते.

या मापनाचे नियमही निसर्गदत्त नाहीत. ते ठरवले जातात आणि बदललेही जातात. २०१२ साली यूट्यूबने शिफारशींसाठी फीत किती वेळा उघडली गेली यापेक्षा ती किती वेळ पाहिली गेली याला अधिक वजन दिले. भडक दर्शनी चित्रे लावून प्रेक्षकाला फसवण्याची प्रवृत्ती वाढली होती, हे त्यामागील एक कारण. याच कंपनीने ३१ मार्च २०२५पासून लघुफितींच्या बाबतीत फीत नुसती सुरू होणे हेच ‘पाहणे’ म्हणून मोजण्यास आरंभ केला. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले की ते ऐकले गेले असे धरले जाते. आणि २०२४पासून एखादे ध्वनिमुद्रण बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकले गेले नाही, तर त्याचे मानधनच निघत नाही. ‘ऐकणे’ या क्रियेची व्याख्या एकेकाळी सौंदर्यशास्त्राच्या कक्षेत होती. ती आता हिशेबाच्या सोयीसाठी केली जाते.

अशा व्याख्येचा परिणाम रूपावर होतोच. १९८६ ते २०१५ या काळात अमेरिकेत अग्रक्रमावर असलेल्या गीतांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधनात असे आढळले, की गायन सुरू होण्यापूर्वीचा वाद्यमेळाचा अवधी वीस सेकंदांहून अधिक होता, तो पाच सेकंदांच्या आसपास आला. ख्यालगायकीच्या संदर्भात या घटनेचा अर्थ पाहण्यासारखा आहे. तेथे तंबोरे जुळवण्यापासूनच ऐकण्याची तयारी सुरू होते. विलंबित लयीतील बढत ही रागाची माहिती सावकाश देण्याची पद्धत नव्हे. श्रोत्याच्या कानाला एकेका स्वराचे वजन कळेपर्यंत त्याला त्या स्वरापाशी थांबवणे, हे तिचे कार्य आहे. म्हणजे आरंभीची संथता ही स्वतःच श्रोता घडवणारी शक्ती आहे. नेमक्या याच संथतेला आलेखाच्या भाषेत ‘गळती’ म्हटले जाते.

संख्येची दुसरी अडचण तात्त्विक आहे. डिसेंबर २०१२मध्ये ‘गंगनम स्टाइल’ ही फीत शंभर कोटी वेळा पाहिली गेलेली पहिली फीत ठरली आणि डिसेंबर २०१४मध्ये तिच्यामुळे यूट्यूबला आपल्या गणकाची कमाल मर्यादा वाढवावी लागली. जानेवारी २०२२मध्ये ‘बेबी शार्क’ हे शिशुगीत एक हजार कोटींचा टप्पा ओलांडून गेले. पृथ्वीवरील माणसांची संख्या तेव्हा आठशे कोटींच्याही आत होती. उघडच ही संख्या माणसांची नाही. एकाच बालकाने एकच गीत शेकडो वेळा लावून घेतले, तरी प्रत्येक वेळ स्वतंत्रपणे मोजली जाते. बालकाच्या या हट्टात आनंद नाही असे कोणी म्हणणार नाही. पण त्या आनंदाची आणि एखाद्या बंदिशीपाशी वर्षानुवर्षे परत येणाऱ्या माणसाच्या आनंदाची बेरीज कोणत्या एककात करावयाची?

अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी कल्पिल्या होत्या. या कोटींचा महत्त्वाचा विशेष असा, की प्रत्येकीत ऐकणाऱ्याचे स्थान निराळे आहे. जात्यावरच्या ओवीला श्रोता असा वेगळा नसतोच. दळणारी बाईच गाते आणि ऐकते. भजनात ऐकणारा टाळ धरून गाणाऱ्यांत मिसळतो. कलासंगीतात तो समोर बसून, जाणतेपणाने दाद देतो. जनसंगीतात तो गुणगुणत घरी जातो. या सर्वांना समाजमाध्यमांवर एकच गणक लावलेला असतो. ओवी, अभंग, ख्याल आणि चित्रपटगीत यांची तुलना त्या गणकावर करता येते, एवढ्यावरून ती अर्थपूर्ण ठरत नाही.

४

कलाकृतीची सिद्धी कशी ओळखावी, या प्रश्नाचा विचार भरताने ‘नाट्यशास्त्रा’च्या सत्ताविसाव्या अध्यायात केला आहे. तो नाट्यप्रयोगाच्या संदर्भात असला, तरी प्रस्तुत प्रश्नावर त्याचा प्रकाश पडतो. भरत सिद्धीचे मानुषी आणि दैविकी असे दोन प्रकार मानतो. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या वाचिक आणि शारीरिक प्रतिसादांतून व्यक्त होते. स्मित, हास्य, ‘साधु’ किंवा ‘अहो’ असे उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे, अंगावरचे वस्त्र वा अंगठी काढून देणे, ही तिची लक्षणे. दैविकी सिद्धीत यांपैकी काहीच नसते. जेथे शब्द नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही आणि रंगमंडप भरलेला आहे, तेथे ती मानावी, असा भरताचा अभिप्राय आहे.

या विभागणीत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, भरत मानुषी सिद्धीला तुच्छ लेखत नाही; तिची लक्षणे तो आस्थेने नोंदवतो. आजची पसंतीची खूण, प्रतिक्रियांचे शब्द, थेट प्रक्षेपणात पडद्यावर तरंगणारे बदाम, हे सारे मानुषी सिद्धीचेच अर्वाचीन अवतार होत. त्यांना हसण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : दैविकी सिद्धीच्या लक्षणांतही रंगमंडप भरलेला असणे समाविष्ट आहे. रिकाम्या मंडपातील शांतता भरताला अभिप्रेत नाही. मोजक्या निवडकांसाठीच श्रेष्ठ कला असते, असे मानणाऱ्यांना भरताचा आधार मिळत नाही. भरलेला मंडप आणि निःशब्दता ही दोन्ही एकत्र आली पाहिजेत. श्रोतृसंख्या आणि श्रोतृत्व यांचा योग झाला पाहिजे.

समाजमाध्यमांची अडचण अशी, की त्यांच्या गणकाला मंडप दिसतो, निःशब्दता दिसत नाही. निःशब्द झालेला श्रोता आणि निघून गेलेला श्रोता यांत त्याला फरक करता येत नाही. फार तर फीत चालू राहिली एवढेच तो सांगू शकतो. मार्च २०२०नंतर टाळेबंदीच्या काळात सभागृहे बंद झाली आणि अनेक गायकवादकांनी घरातून, भ्रमणध्वनीसमोर बसून संगीत सादर केले. तेथेही शांतता होती. परंतु समोरच्या माणसांचा श्वास ज्या शांततेत ऐकू येतो आणि समोर कोणीच नसल्यामुळे जी पसरते, त्या दोन शांतता एक नव्हेत. किशोरी आमोणकरांचा श्रोत्यांकडून शिस्तीच्या अपेक्षेचा आग्रह सर्वश्रुत होता. त्याची चर्चा बहुधा स्वभावाचा विशेष म्हणून होत असे. दैविकी सिद्धीच्या संदर्भात पाहिले तर त्या आग्रहामागे एक भूमिका दिसते : शांतता ही श्रोत्याने गाण्यात घातलेली भर आहे, आणि ती मागण्याचा कलावंताला अधिकार आहे. आलेखाकडे अशी मागणी करता येत नाही.

५

एवढ्यावरून समाजमाध्यमांचा त्याग करावा, हा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कारण त्यांच्या बाजूने एक गंभीर नैतिक युक्तिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. कोणाचे गाणे समाजाने ऐकावे, हे माध्यमपूर्व काळातही कोणीतरी ठरवतच होते. दरबार, घराणे, नाटकमंडळी, ध्वनिमुद्रिका कंपनी, नभोवाणी केंद्र, संगीतसभा, ही सर्व दारे होती आणि प्रत्येक दारावर कोणीतरी उभे होते. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१पर्यंत उठली नाही, आणि तेव्हाही ती अंशतःच उठली. पेशेवर गायिकांना त्यांच्या तथाकथित चारित्र्याच्या कारणावरून नभोवाणीपासून दूर ठेवण्याचे धोरणही १९४०च्या दशकात आखले गेले. अभिरुचीच्या नावाखाली घेतलेल्या निर्णयांत जात, लिंग आणि प्रतिष्ठा यांचे पूर्वग्रह किती मिसळलेले असतात, हे यावरून दिसते.

आंबेडकरी जलशांची आणि भीमगीतांची परंपरा या दारांबाहेरच वाढली. वामनदादा कर्डकांसारख्या कवीची गाणी वस्त्यावस्त्यांतून गायली गेली, पुढे ती ध्वनिफितींवर आली, आणि मान्यवर संगीतसमीक्षेने त्यांची दखल फार उशिरा आणि फार थोडी घेतली. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात. भ्रमणध्वनीवर चित्रित झालेल्या फितींनी त्यांचा आवाज महाराष्ट्रभर नेला. त्यासाठी त्यांना कोणत्याही चाचणीमंडळासमोर बसावे लागले नाही. ज्यांना पूर्वी श्रोता नाकारला गेला, त्यांच्यासाठी संख्या ही अहंकाराची बाब नसते. आपण आहोत याचा तो सार्वजनिक पुरावा असतो. संख्येविषयीची तुच्छता ही ज्याला श्रोता वारशाने मिळाला त्यालाच परवडते, हे विलाप करणाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

तथापि हा युक्तिवाद एका मर्यादेपर्यंतच जातो. जुने दार उघडले याचा अर्थ दारच उरले नाही असा नव्हे. शिफारस करणारी यंत्रणा हेही एक दारच आहे; फरक एवढाच, की तेथे उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचे नाव विचारता येत नाही आणि त्याच्याशी वादही घालता येत नाही. नभोवाणीच्या चाचणीत नापास झालेल्या गायकाला निदान कोणाला दोष द्यावा हे कळत होते.

येथे आरंभी उल्लेखिलेल्या समान गृहीतकाकडे येता येते. थिओडोर अडोर्नो यांनी १९३८ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात श्रवणाच्या अधोगतीची मांडणी केली. बाजारू संगीताच्या श्रोत्याला एखादी रचना आवडणे म्हणजे जवळजवळ ती ओळखता येणेच, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले. निरीक्षण मार्मिक आहे. पण त्या मांडणीत अशा श्रोत्याला बाहेर पडण्याची वाट फारशी दिसत नाही. विलाप करणारा अभिजन आणि संख्या वाढवणारा व्यवसायी एकत्र येतात ते याच ठिकाणी. अभिजन म्हणतो, या श्रोत्याला कळणार नाही, म्हणून त्याच्यापासून दूर राहावे. व्यवसायी म्हणतो, या श्रोत्याला कळणार नाही, म्हणून त्याला जे कळते तेच पुन्हा पुन्हा द्यावे. श्रोता आहे तसाच राहणार, तो बदलू शकत नाही, हे दोघांनीही धरून चाललेले असते. नैतिक दोष आहे तो या गृहीतकात. माणसाला त्याच्या आजच्या आवडीइतकाच मानणे हा त्याचा अवमान आहे, मग तो तुच्छतेपोटी केलेला असो वा खुशामतीपोटी.

६

श्रोता घडू शकतो, असे मानणारी भूमिका भारतीय साहित्यशास्त्रात स्पष्टपणे मांडली गेली आहे, याची आठवण येथे उपयुक्त ठरेल. ‘सहृदय’ ही संज्ञा पुष्कळदा जन्मजात अधिकाराच्या अर्थाने वापरली जाते. परंतु रसविघ्नांची चर्चा करताना अभिनवगुप्ताने एक विघ्न असे सांगितले आहे, की प्रेक्षक आपल्याच सुखदुःखांत गुरफटलेला असतो आणि त्यामुळे त्याचे चित्त दुसऱ्या कशावर विसावू शकत नाही. हे विघ्न दूर व्हावे म्हणून प्रयोगात वाद्ये, गायन, सुशोभित मंडप, चतुर गणिका यांसारख्या रंजक साधनांची योजना केलेली असते. त्यांच्या योगे जो सहृदय नाही तोही सहृदय केला जातो, असे तो म्हणतो. येथे आकर्षणाच्या साधनांना मोकळी मान्यता आहे. मंडप सजवण्यात, प्रथम लक्ष वेधून घेण्यात काहीही कमीपणा नाही. मात्र त्या साधनांची दिशा निश्चित आहे : माणसाला त्याच्या ‘निज’ वर्तुळातून बाहेर काढणे.

आजच्या शिफारसयंत्रणेची दिशा याच्या नेमकी उलट आहे. प्रेक्षकाने काल काय पाहिले, कोठे थांबला, काय वगळले, यावरून ती त्याला आज काय दाखवावे हे ठरवते. अभिनवगुप्ताने ज्याला विघ्न म्हटले, ते आपल्याच आवडीनिवडीत गुरफटलेले असणे, हेच तिचे इंधन आहे. प्रेक्षकांच्या आवडी भिन्न असतात हे भरतालाही ठाऊक होते. तरुणांना एक रुचते, विरक्तांना दुसरे, अर्थार्थींना तिसरे, असे तो सांगतो. पण त्याच्या मांडणीत ते सर्व एकाच मंडपात बसलेले असतात आणि दुसऱ्याला रुचणारे ऐकण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो. प्रत्येकाला त्याचा स्वतंत्र मंडप मिळाला की हा प्रसंगच टळतो. रंजन वाढते, आणि आपल्यापलीकडच्या कशाशी गाठ पडण्याची शक्यता कमी होते.

या विवेचनातून साधनांच्या विवेकाचे एक सूत्र हाती लागते. ध्वनिचित्रफितीने किंवा लघुफितीने श्रोत्याला आकर्षित करणे नैतिक की अनैतिक, हे त्या फितीच्या लांबीवरून वा चकचकाटावरून ठरत नाही. ते आकर्षण श्रोत्याला कोठे नेते, यावर ठरते. नारदीय कीर्तनाचे उदाहरण घेता येईल. कीर्तनकार गातो, नकला करतो, हशा पिकवतो, उत्तररंगात रसाळ आख्यान लावतो. गर्दी त्यासाठीच जमते हे त्याला पक्के ठाऊक असते. तरीही ते आख्यान पूर्वरंगातील निरूपणाचाच दृष्टान्त असते, आणि गोष्टीसाठी आलेला माणूस अभंगाचा अर्थ घेऊन घरी जातो. आमिष आणि आवाहन यांतील भेद हाच आहे. आमिषात दाखवले जाते एक आणि देण्यासारखे मागे काहीच नसते. आवाहनात दाखवलेले हे पुढे मिळणाऱ्याचाच अंश असते. एखाद्या गायिकेने रागाची एक मिनिटाची झलक प्रसृत केली आणि त्या मिनिटातून श्रोता तासाभराच्या मैफलीकडे वळला, तर ते मिनिट मंडपाच्या तोरणासारखे आहे. तिचे सारे गाणेच मिनिटामिनिटांच्या तुकड्यांत विचार करू लागले, तर तोरण राहिले आणि मंडप गेला, असे म्हणावे लागेल.

दुसरे सूत्र मालकीचे आहे. समाजमाध्यमावर जमलेले श्रोते संगीतकाराचे असतात, असा समज आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा अनेकांचे लक्षावधी अनुयायी एका रात्रीत दिसेनासे झाले. बंदीच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न वेगळा. तिने उघड केलेली वस्तुस्थिती अशी, की ते अनुयायी त्या यंत्रणेचे होते आणि संगीतकार त्यांना भाडेतत्त्वावर भेटत होता. याउलट, ज्याच्या कानात एखादा स्वरलगाव एकदा बसला, तो श्रोता कोणत्याही बंदीने काढून घेता येत नाही. १९७७ साली अंतराळात धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तिला तेथे श्रोता मिळेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण ती तबकडी निवडली गेली, कारण पृथ्वीवर कोणाच्या तरी कानाने ती आधी मनापासून ऐकली होती.

कांटच्या नीतिविचारातील, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे तत्त्व कलाव्यवहारालाही लागू होते. त्यातील ‘केवळ’ हा शब्द निर्णायक आहे. तिकीट घेणारा, फीत पाहणारा, प्रतिक्रिया देणारा माणूस कलावंताच्या उपजीविकेचे साधन असतोच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तो तेवढाच उरतो तेव्हा दोष सुरू होतो. म्हणून आजच्या संगीतकारासमोरचा प्रश्न समाजमाध्यमांवर जावे की न जावे, असा नाही. तेथे गेल्यावर आपल्या गाण्याचा पुढचा स्वर कोण ठरवणार, राग की आलेख, हा प्रश्न आहे. आलेख वाचण्यास हरकत नाही, कारण त्यातून माणसे कोठे कंटाळली हे कळते. पण माणूस कंटाळतो त्या जागी पुष्कळदा त्याच्या घडण्याची सुरुवात असते. तेथून त्याला पुढे न्यायचे की तेथूनच परत फिरायचे, याचा निर्णय कलावंताने संख्येवर सोपवला, तर त्याने आपल्या श्रोत्याला सोडून दिले असेच म्हणावे लागेल, मग त्याच्या अनुयायांचा आकडा कितीही मोठा असो.